हिरवा दिवा म्हणजे आशा, हे कोण म्हणालं?

प्रश्न थोडक्यात असा. न्यू जर्सीतल्या एका आईने विचारलं आहे. मुलगी अकरावीत आहे. वर्गात फिट्झजेराल्ड या अमेरिकन लेखकाची 'द ग्रेट गॅट्सबी' ही कादंबरी वाचून झाल्यावर निबंध लिहायचा होता. मुलीने मन लावून लिहिला. इंग्रजी स्वच्छ, कथानकात एकही चूक नाही, कादंबरीतली वाक्यंही दिलेली. तरी 'बी मायनस' मिळाला आणि खाली शेरा आला, 'गोष्ट छान सांगितलीस, पण तुझं म्हणणं काय आहे?' काही चुकलेलं नसताना गुण का गेले, शाळा ज्याला 'क्रिटिकल थिंकिंग' म्हणते ते नेमकं काय असतं आणि त्यासाठी घरी काही करता येईल का, असं आईने विचारलं आहे. सोबत निबंधातला एक परिच्छेदही पाठवला आहे.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. हो, करता येईल, आणि त्यासाठी तुम्ही स्वतः साहित्य शिकलेलं असायला हवं असं नाही. ही कादंबरी मी आधी महाराष्ट्रात एम.ए.च्या वर्गाला शिकवली आणि नंतर बरीच वर्षं अमेरिकेतल्या हायस्कूलमध्ये. दोन्हीकडच्या मुलांचे निबंध साधारण एकाच जागी अडतात, आणि ती जागा तुम्ही पाठवलेल्या परिच्छेदात स्पष्ट दिसते.

(कादंबरी न वाचलेल्यांसाठी: गॅट्सबी हा श्रीमंत माणूस, आणि डेझी त्याची जुनी प्रेयसी, आता टॉमची बायको.) तिने लिहिलंय ते असं: डेझीच्या घरासमोरच्या धक्क्यावरचा हिरवा दिवा हे आशेचं प्रतीक आहे. गॅट्सबीला डेझी हवी आहे, आणि डेझी म्हणजे 'अमेरिकन ड्रीम'. शेवटी ते स्वप्न भंगतं. पैशाने सुख विकत घेता येत नाही हे लेखक यातून दाखवतो.

यातलं एकही वाक्य खोटं म्हणता येणार नाही. पण यातलं एकही वाक्य लिहायला पुस्तक उघडावंही लागत नाही. हा परिच्छेद गाईडमधून येऊ शकतो, चित्रपटातून येऊ शकतो, चॅटजीपीटीकडून येऊ शकतो, किंवा वर्गात पुढच्या बाकावरच्या मुलाने हात वर करून जे सांगितलं त्यातून येऊ शकतो. तुमच्या मुलीने पुस्तक नीट वाचलंय याबद्दल मला शंका नाही, कारण इतर तपशील बरोबर आहेत. पण तिच्या वाचनाचा या मताशी संबंध कुठे आला, ते शिक्षिकेला दिसत नाही. शेरा त्याबद्दल आहे.

आपल्याकडे शाळेत एक प्रश्न असायचा: 'कोण, कोणास म्हणाले ते लिहा.' एकेका गुणाचा, सगळ्यात सोपा समजला जाणारा. मला तो साहित्य वाचण्यातला पहिला आणि सर्वात महत्त्वाचा प्रश्न वाटतो. गॅट्सबीच्या बाबतीत तर त्याच्यावर अख्खा निबंध उभा राहतो. त्याला फक्त आणखी एक प्रश्न जोडायचा: आणि हे त्याला कसं कळलं?

कारण गॅट्सबीची गोष्ट गॅट्सबी सांगत नाही, आणि फिट्झजेराल्डही थेट सांगत नाही. ती सांगतो निक कॅरवे. तिशीला टेकलेला, बॉण्डच्या धंद्यात नशीब काढायला न्यूयॉर्कला आलेला, गॅट्सबीच्या हवेलीशेजारी महिना 80 डॉलर भाड्याच्या घरात राहणारा. डेझी त्याच्या नात्यातली आणि तिचा नवरा टॉम कॉलेजपासून ओळखीचा. घटना 1922 च्या उन्हाळ्यातल्या, आणि निक त्या दोन वर्षांनंतर आठवून लिहितोय.

या निकने स्वतःबद्दल काय सांगितलंय ते पाहा. पहिल्याच पानावर तो वडिलांचा उपदेश आठवतो आणि म्हणतो, म्हणून मी कुणाबद्दल चटकन मत बनवत नाही. मग काही पानांतच टॉमचं वर्णन येतं: कठोर तोंड, तुच्छतेची वागणूक, क्रूर शरीर. तिसऱ्या प्रकरणाच्या शेवटी तो म्हणतो की मला माहीत असलेल्या मोजक्या प्रामाणिक माणसांपैकी मी एक आहे. त्याच्या जरासं वर त्यानेच सांगितलेलं असतं की गावाकडच्या एका मुलीला तो दर आठवड्याला 'प्रेमपूर्वक, निक' अशी सही करून पत्रं पाठवतोय. इकडे डेझीची मैत्रीण जॉर्डन बेकर हिच्यात त्याचं मन गुंतलेलं आहे. दुसऱ्या प्रकरणातल्या पार्टीबद्दल तो कबूल करतो की आयुष्यात दोनदाच दारू चढली आणि दुसरी वेळ ती दुपार, त्यामुळे सगळं धूसर आठवतंय.

इथे हुशार मुलं एक उडी मारतात. 'निक हा अविश्वसनीय निवेदक आहे' असं लिहून मोकळी होतात. हेही गाईडमधलंच वाक्य, फक्त वरच्या इयत्तेच्या गाईडमधलं. निक खोटारडा नाही. स्वतःच्या विरोधातला पुरावा तोच तर आपल्या हातात देतोय. पाहायचं ते हे, की अमुक एका ठिकाणी त्याने प्रत्यक्ष काय पाहिलं आणि त्यात स्वतःचं किती मिसळलं.

आता हिरव्या दिव्याकडे येऊ. तो कादंबरीत तीन ठिकाणी महत्त्वाचा येतो. मुलीला तिन्ही जागा शेजारी शेजारी उघडून ठेवायला सांगा.

पहिली जागा, पहिल्या प्रकरणाचा शेवट. रात्र आहे, निक आपल्या अंगणातून पाहतोय, गॅट्सबी दूर उभा आहे आणि पाण्याच्या दिशेने हात पसरतो. तो थरथरत होता हे मी शपथेवर सांगेन, अशा अर्थाचं निक म्हणतो. शपथेची भाषा माणूस खात्री असली की वापरतो, की नसली की? समोर पाहिलं तर त्याला एक बारीकसा हिरवा दिवा दिसतो, बाकी काही नाही. गॅट्सबी एक शब्द बोललेला नाही.

दुसरी जागा पाचव्या प्रकरणात. डेझी पाच वर्षांनी भेटली आहे, त्याच्या घरात आहे. गॅट्सबी तिला म्हणतो की धुकं नसतं तर खाडीपलीकडे तुझं घर दिसलं असतं, तुझ्या धक्क्याच्या टोकाला रात्रभर एक हिरवा दिवा असतो. डेझी त्याच्या हातात हात अडकवते. आणि पुढे निक लिहितो की त्या दिव्याचं प्रचंड महत्त्व आता कायमचं संपलं, हे कदाचित त्याच्या लक्षात आलं असावं. आता तो पुन्हा धक्क्यावरचा एक हिरवा दिवा झाला. त्या वाक्याची सुरुवातच 'कदाचित'ने होते. गॅट्सबीच्या मनात काय चाललंय हे निकला माहीत नाही, तो अंदाज करतोय. दिव्याचं 'प्रचंड महत्त्व' हे शब्द निकचे आहेत. गॅट्सबीने फक्त एवढं सांगितलं की तिथे दिवा असतो.

तिसरी जागा शेवटचं पान. गॅट्सबी मेला आहे, हवेली ओस आहे. तिथे निक म्हणतो की गॅट्सबीचा त्या हिरव्या दिव्यावर विश्वास होता, आणि त्याच वाक्यात 'आपल्या' पुढून वर्षागणिक मागे सरकणाऱ्या भविष्याबद्दल बोलू लागतो. एका माणसाचा दिवा सगळ्या माणसांचा कधी झाला? गॅट्सबी गेल्यावर, आणि निकच्या लेखणीत.

तीन जागा अशा वाचल्या की मुलीच्या हातात तिचं स्वतःचं म्हणणं येतं: हिरव्या दिव्याला आशेचा अर्थ गॅट्सबीपेक्षा निक देतो. हे वाक्य पुस्तक उघडल्याशिवाय लिहिता येत नाही. त्याच्याशी कुणी असहमत होऊ शकतं, आणि ते सिद्ध करायला विशिष्ट पानांवर जावं लागतं. अमेरिकेतले शिक्षक ज्याला 'थीसिस' म्हणतात ते हेच.

इथे थांबलं तरी चांगला निबंध होईल. पण ज्याला मी चिकित्सक विचार म्हणते तो यापुढच्या पायरीवर सुरू होतो: आपल्या म्हणण्याला अडवणारं वाक्य शोधायचं. या थीसिसला कोण अडवतं? पाचव्या प्रकरणातला गॅट्सबीच. दिव्याचा विषय निकने काढलेला नाही, गॅट्सबीने आपणहून काढलाय. दिवा 'रात्रभर' असतो हे त्याला माहीत आहे, म्हणजे तो रात्र रात्र तिकडे पाहत उभा राहिला असणार. मग सगळा अर्थ निकने चिकटवला, असं म्हणता येत नाही. बहुतेक मुलं असं वाक्य सापडलं की घाबरतात आणि ते वगळतात. ते वगळू नये, कारण त्याच्यामुळे थीसिस अधिक नेमका होतो: गॅट्सबीसाठी दिवा डेझीच्या घराची खूण आहे, त्या खुणेचं सगळ्या माणसांच्या आशेत रूपांतर निक करतो, आणि गॅट्सबीबद्दलची त्याची ओढ आणि नापसंती दोन्ही पाहता त्याला तसं करण्याची गरज होती. माझ्या वर्गात एखाद्या मुलीने हे लिहिलं असतं तर मी तो कागद दोनदा वाचला असता.

गुणांचा हिशेबही सांगते, कारण तुम्ही विचारलंय. एपी (हायस्कूलमधला कॉलेजच्या पातळीचा अभ्यासक्रम) इंग्लिश लिटरेचरच्या परीक्षेत एका निबंधाला 6 गुण असतात. 1 थीसिसला, 4 पुरावा आणि त्याच्या विश्लेषणाला, आणि 1 विचाराच्या खोलीला. शाळेतल्या रोजच्या निबंधांचे निकष शिक्षकागणिक वेगळे असतात, पण कल साधारण हाच. कथानक अचूक सांगण्याला वेगळा गुण कुठेच नाही. ते गृहीत धरलेलं असतं. आपल्याकडच्या परीक्षांत वाढलेल्या पालकांना हे खटकतं, मला समजतं.

या कादंबरीची गंमत अशी की पुरावा कसा तपासावा, आणि कसा तपासू नये, याचे धडे तिच्यात जागोजागी पडलेले आहेत. माझा सर्वात आवडता चौथ्या प्रकरणातला. गॅट्सबी निकला गाडीतून नेताना स्वतःची कहाणी सांगतो: मी मिडवेस्टमधल्या श्रीमंत घराण्यातला, घरचे सगळे वारले, आमच्या पूर्वजांप्रमाणे मीही ऑक्सफर्डला शिकलो. मिडवेस्टमध्ये कुठे, असं निक विचारतो. उत्तर येतं, सॅन फ्रान्सिस्को. निकला हसू आवरत नाही. मग गॅट्सबी खिशातून दोन वस्तू काढतो. एक मॉन्टेनेग्रोचं शौर्यपदक आणि एक ऑक्सफर्डचा फोटो, ज्यात तो हातात क्रिकेटची बॅट घेऊन उभा आहे. ते पाहून निक मनाशी म्हणतो, म्हणजे सगळं खरंच होतं तर!

फोटो खराच आहे. सातव्या प्रकरणात कळतं की युद्ध थांबल्यावर काही अमेरिकन अधिकाऱ्यांना तिथे शिकायची संधी मिळाली होती आणि गॅट्सबी 1919 मध्ये पाच महिने तिथे होता. पण श्रीमंत घराणं खोटं, पूर्वज खोटे, आणि 'सगळे वारले' म्हणावं तर वडील शेवटच्या प्रकरणात अंत्यविधीला हजर होतात. एका खऱ्या फोटोने एक गोष्ट सिद्ध झाली आणि निकने तिच्या आधाराने दहा मान्य करून टाकल्या. मुलांच्या निबंधांत नेमकं हेच होतं. एक खरं अवतरण द्यायचं, आणि त्याच्या जोरावर ते जेवढं सांगतं त्याच्या कितीतरी पुढचा निष्कर्ष काढायचा. तुमच्या मुलीच्या परिच्छेदात दिव्याचं अवतरण बरोबर आहे. त्यावरून 'पैशाने सुख मिळत नाही' इथपर्यंत ती कशी पोचली ते मात्र कागदावर नाही.

आणखी एक जागा सांगते, कारण रंगांवर निबंध लिहिणाऱ्यांपैकी फार थोडे तिथे पोचतात. टॉमची प्रेयसी मर्टल अपघातात मरते, आणि तिला उडवणारी गाडी गॅट्सबीची. चौथ्या प्रकरणात गाडीचा रंग दाट सायीसारखा सांगितलाय, पुढे सगळे तिला पिवळी म्हणतात. अपघात जवळून पाहणारा मायकेलिस पहिल्या पोलिसाला सांगतो की गाडी फिक्या हिरव्या रंगाची होती. रंग बरोबर सांगतो तो एक कृष्णवर्णीय माणूस, ज्याने अपघात पाहिलेलाच नाही. गाडी फक्त रस्त्यात त्याच्या बाजूने भरधाव गेली होती. 'हिरवा म्हणजे आशा' असं लिहिणाऱ्या मुलीने मृत्यूच्या गाडीला चुकून दिलेल्या या हिरव्या रंगाचं काय करायचं? मला याचं तयार उत्तर नाही द्यायचं. डोळ्यांनी पाहिलेलंही चुकतं, हा एक मार्ग आहे. रंगांचे अर्थ इतके ठाम नाहीतच, हा दुसरा. त्या चौकात खरं बोलणाऱ्या माणसाला कादंबरी नावही देत नाही, हा तिसरा, आणि तो मला सर्वात पुढे नेणारा वाटतो.

कारण तिथून वंशाचा प्रश्न उघडतो, आणि भारतीय घरातल्या मुलीला तो आपला वाटू शकतो. टॉम पहिल्याच जेवणाला गोऱ्या वंशावर येणाऱ्या संकटाबद्दल बडबड करतो. निक त्याला हास्यास्पद करून दाखवतो आणि आपण निकच्या बाजूने होतो. मग चौथ्या प्रकरणात क्वीन्सबरो पुलावर एक मोटार दिसते. गोरा ड्रायव्हर आणि मागे ऐटीत बसलेले तीन कृष्णवर्णीय. त्यांच्या डोळ्यांची बुबुळं फिरताना पाहून निक मोठ्याने हसतो. लगेच पुढे वुल्फशाइम या ज्यू माणसाचं वर्णन येतं, नाकापासून सुरू होणारं. टॉमचा वंशवाद आपल्याला दिसतो कारण निक तो दाखवतो. निकचा कोण दाखवणार? तो वाचकालाच पाहावा लागतो. हे लिहिणारा विद्यार्थी मला फार क्वचित भेटला, आणि भेटला तेव्हा त्याचा निबंध मी वर्गात वाचून दाखवला.

इथे बाहेरचा संदर्भ खरोखर उपयोगी पडतो. फेब्रुवारी 1923 मध्ये, म्हणजे कथानकातला उन्हाळा आणि एप्रिल 1925 मधलं प्रकाशन यांच्या दरम्यान, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद या भारतीयाच्या खटल्यात निकाल दिला की तो कायद्याच्या अर्थाने गोरा नाही, त्यामुळे त्याला नागरिकत्व मिळणार नाही. टॉमची बडबड त्या काळात एका मूर्ख माणसाच्या जेवणाच्या टेबलापुरती नव्हती. मात्र सावध राहायला सांगा. थिंदवर दोन पानं लिहिली की निबंध इतिहासाचा होतो. संदर्भ एका वाक्यात यावा आणि तिने लगेच कादंबरीतल्या वाक्याकडे परत वळावं.

'अमेरिकन ड्रीम'बद्दलही तेच. तो शब्दप्रयोग कादंबरीत एकदाही येत नाही. तो लोकांच्या तोंडी रुळला 1931 नंतर, इतिहासकार जेम्स ट्रस्लो अ‍ॅडम्स यांच्या लेखनामुळे. म्हणून तो वापरू नये असं नाही, पण वापरायचा तर कादंबरीत त्याला काय धरून ठेवतं ते दाखवावं लागतं. मी मुलांना शेवटच्या प्रकरणातलं वेळापत्रक वाचायला लावते. लहान जिमी गॅट्झने (गॅट्सबीचं मूळ नाव) एका पुस्तकाच्या मागच्या पानावर लिहिलेलं: सहाला उठणे, व्यायाम, विजेचा अभ्यास, बोलण्याचा सराव. खाली संकल्प आहेत. आठवड्याला पाच डॉलर वाचवायचे, आणि मग पाच खोडून तीन केलेत. आईवडिलांशी अधिक चांगलं वागायचं, हा शेवटचा संकल्प. त्या खोडलेल्या पाचावर एक चांगला परिच्छेद लिहिता येईल. स्वप्नभंगाबद्दलच्या सर्वसाधारण दहा वाक्यांपेक्षा त्यात जास्त हाती लागेल.

चित्रपटाबद्दल एक सूचना. 2013 च्या चित्रपटात अमिताभ बच्चन वुल्फशाइम झाले होते, त्यामुळे आपल्या घरांतून तो आवर्जून पाहिला जातो. जरूर पाहा, पण निबंध लिहून झाल्यावर. त्यात निक एका रुग्णालयात उपचार घेत ही कथा लिहितो. कादंबरीत असं काही नाही. निबंधात ते रुग्णालय आलं की पुस्तक कितपत वाचलंय हे शिक्षकाला तिथेच कळतं. चॅटजीपीटीला विचारायला माझी हरकत नाही, एका अटीवर: 'माझं म्हणणं हे आहे, याच्या विरोधात कादंबरीत काय आहे?' असं विचारायचं आणि मिळालेलं प्रत्येक अवतरण पुस्तकात जाऊन शोधायचं. नसलेली वाक्यं ते मोठ्या आत्मविश्वासाने देतं.

घरी तुम्ही करायचं ते एवढंच. निबंध दुरुस्त करू नका, इंग्रजी तपासू नका. ती वाचून दाखवेल तेव्हा मराठीतच विचारा: हे कोण म्हणतंय? त्याला कसं कळलं? आणि हे खोटं ठरवायचं झालं तर पुस्तकातलं कुठलं वाक्य वापरशील? तुम्ही कादंबरी वाचलेली नसेल तर आणखी बरं, कारण मग तिला तुम्हाला पटवावं लागेल. मराठीत समजावताना ती तयार इंग्रजी वाक्यांच्या आधारावाचून बोलेल आणि तिचं खरं म्हणणं तिथे बाहेर पडेल. ते तसंच टिपून ठेवायला सांगा, इंग्रजी नंतर करता येतं.

पुनर्लेखनाची मुभा असेल तर सगळा निबंध नव्याने लिहायला बसू नये. फक्त हा दिव्याचा परिच्छेद घ्यावा, आशेचं वाक्य काढून टाकावं, तिन्ही जागांमधली एकेक ओळ आणावी आणि तिला अडवणारी ओळ मधोमध ठेवावी. मग शिक्षिकेकडे जाऊन गुण वाढवून मागण्याऐवजी विचारावं, 'माझं म्हणणं हे आहे, पण पाचव्या प्रकरणात गॅट्सबी स्वतः दिव्याबद्दल बोलतो. याचं मी काय करू?' असा प्रश्न घेऊन येणाऱ्या विद्यार्थ्यासाठी मी जेवणाची सुट्टी आनंदाने दिली आहे. तिची शिक्षिकाही देईल, असा शेरा लिहिणाऱ्या बाईंबद्दल मला तेवढी खात्री वाटते.